नाव बुद्धाचे, गेट कुणाचे?

मे महिना लागला की आपल्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर एक चित्र फिरू लागते. एका बाजूला ध्यानस्थ तथागत, दुसऱ्या बाजूला पोखरणच्या वाळूत उठलेला धुरळा आणि मधे मोठ्या अक्षरात 'बुद्ध पुन्हा हसला'. पाठवणारा पोरगा आपलाच असतो. डीपीवर निळा झेंडा, नावापुढे जय भीम. त्याला मनापासून वाटते की देशाने एवढे मोठे काम केले आणि त्याला नाव आपल्या बुद्धाचे दिले, म्हणजे हा आपला सन्मान झाला. ११ मे हा सरकारी 'राष्ट्रीय तंत्रज्ञान दिन' असल्यामुळे त्या चित्रावर देशभक्तीचा शिक्काही बसतो.

त्या पोराशी मला भांडायचे नाही. पण नाव घेतले म्हणजे सन्मान झाला का, हे एकदा नीट तपासले पाहिजे. आणि ते तपासायला पोखरणला जायची गरज नाही, पुणे पुरेसे आहे.

आधी तारखेचे बघू. १८ मे १९७४ चा पहिला अणुस्फोट बुद्ध जयंतीच्या दिवशी झाला, असे आपले वक्तेही भाषणात ठोकून देतात. पुस्तकांतही ते छापलेले सापडते. जुनी दिनदर्शिका काढून बघा. १९७४ ची वैशाख पौर्णिमा ६ मे रोजी होती. १८ मे ला कृष्ण पक्ष चालू होता, अमावास्या तीन-चार दिवसांवर आली होती. म्हणजे दिवस बुद्धाचा नव्हताच, नाव तेवढे उचलले गेले. सरकार जगाला सांगत होते की हा 'शांततामय अणुस्फोट' आहे. शांततेचा हा दावा पटवायला बुद्धाइतका सोयीचा चेहरा या देशाकडे दुसरा नव्हता. यांच्याकडे शस्त्रधारी देवांची काय कमी आहे? कुणाच्या हातात धनुष्य, कुणाच्या हातात चक्र, कुणाच्या हातात परशू. पण बॉम्ब फुटला तेव्हा हसवले कुणाला, तर ज्याच्या हातात काहीच नाही त्याला. १९९८ साली ११ मे ला मात्र खरोखरच वैशाख पौर्णिमा होती. त्या दिवशी तीन आणि १३ मे ला दोन स्फोट झाले आणि मोहिमेचे नाव होते 'शक्ती'. यावेळी नाव देवीचे आणि दिवस बुद्धाचा.

आता पुण्याकडे येऊ. अणुबॉम्ब म्हटले की लोकांना तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र आठवते. ते बरोबरच आहे, १९७४ च्या बॉम्बमधले सुमारे सहा किलो प्लुटोनियम तिथल्या सायरस अणुभट्टीतून आले. पण नुसत्या प्लुटोनियमचा बॉम्ब होत नाही. त्या गोळ्याभोवती साधी स्फोटके अशी रचावी लागतात की ती सगळीकडून एकाच क्षणी पेटली पाहिजेत आणि गोळा आतल्या आत सारखा चेपला गेला पाहिजे. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकी चूक झाली तरी सगळे फसते. हे काम अणुशास्त्रज्ञांच्या हातातले नव्हते, ते शस्त्रास्त्र इंजिनिअरांचे होते. म्हणून डीआरडीओ आले. स्फोटकांची रचना चंदीगडच्या प्रयोगशाळेत झाली आणि ती पेटवण्याच्या यंत्रणेत पुण्याच्या स्फोटक संशोधन प्रयोगशाळेचा, ईआरडीएलचा, हात होता. डॉ. वामन दत्तात्रेय पटवर्धन हे तिचे पहिले संचालक. तीच प्रयोगशाळा आज सुतारवाडीला एचईएमआरएल या नावाने उभी आहे. शेजारी पाषाणला एआरडीई, तिकडे दिघीला आणखी एक. पोखरणचा खड्डा राजस्थानात पडला, पण त्याच्या तयारीचा एक मोठा धागा मुळा-मुठेच्या काठचा आहे.

आणि या सगळ्या प्रयोगशाळांना लागणारी माणसे घडवणारी शाळा आहे खडकवासल्याला. सिंहगड रस्त्याने धरण ओलांडून पुढे गेलात, चौपाटीवरची भाजलेली कणसे आणि कांदाभजी मागे टाकली, की गिरिनगर लागते. तिथे डायट आहे. शिक्षकांना प्रशिक्षण देणारे ते जिल्ह्याचे डाएट नव्हे, संरक्षण प्रगत तंत्रज्ञान संस्था. १९५२ साली ही संस्था खडकीला 'इन्स्टिट्यूट ऑफ आर्मामेंट स्टडीज' म्हणून सुरू झाली, १९६७ च्या सुमारास गिरिनगरला आली, पुढे अभिमत विद्यापीठ झाली आणि २००६ पासून आजचे नाव लागले. तिथे बॉम्ब बनतो असे कुणी समजू नये. तिथे बनतात शस्त्रास्त्रांचे इंजिनिअर: लष्करी अधिकारी, डीआरडीओचे शास्त्रज्ञ आणि गेट परीक्षा देऊन आलेली मुले. रविवारी चौपाटीवर आलेल्या हजारो पुणेकरांना तलावाच्या पलीकडे एनडीए आहे एवढे माहीत असते. अलीकडच्या काठावर काय शिकवले जाते याची चौकशी कुणी करत नाही.

नाव बुद्धाचे घेतले, पण निर्णयात बुद्धाची माणसे किती होती? १९७४ च्या कामाची माहिती सुमारे ७५ शास्त्रज्ञ-इंजिनिअरांपलीकडे नव्हती, असे या कार्यक्रमाच्या इतिहासात सांगितले जाते. निर्णय पंतप्रधान, त्यांचे मोजके सल्लागार आणि दोन-चार शास्त्रज्ञ यांच्यात झाला. त्या वेळी देशाचे संरक्षणमंत्री कोण होते, आठवते? बाबू जगजीवन राम. त्यांच्या राजकारणाशी आपले काय मतभेद होते ते मी इथे उगाळत नाही. पण डीआरडीओ ज्या खात्याखाली येते त्या खात्याचा मंत्री दलित आणि तो या निर्णयात कुठेही नाही. काही अभ्यासक तर लिहितात की त्यांना स्फोटाची बातमी स्फोट झाल्यावरच कळली. खुर्ची मिळाली म्हणजे सत्ता मिळाली असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण घोकून ठेवावे.

हे झाले जुने. आजचे काय?

२००६ साली केंद्राने उच्च शिक्षणातल्या प्रवेशासाठी आरक्षणाचा कायदा केला. अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना साडेसात, ओबीसींना २७. त्या कायद्याचे कलम ४ वाचा. तिथे लिहिले आहे की उत्कृष्टता संस्था, संशोधन संस्था आणि राष्ट्रीय व सामरिक महत्त्वाच्या संस्था यांना हा कायदा लागू नाही, आणि त्यांची यादी मागे जोडली आहे. यादीत पहिले नाव होमी भाभा राष्ट्रीय संस्था, मुंबई आणि तिच्या घटक संस्था. त्यात तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र आले, कल्पाक्कमचे केंद्र आले. इथपर्यंत कुणी म्हणेल, अणुबॉम्बचा मामला आहे, समजू शकतो. (मी समजू शकत नाही, पण ते पुढे.) मग यादी पुढे वाचा. चेन्नईची गणित संस्था. भुवनेश्वरची भौतिकशास्त्र संस्था. आणि मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर. होय, परळचे कॅन्सरचे हॉस्पिटल. तिथे कॅन्सरचा डॉक्टर म्हणून शिकायला येणाऱ्या अनुसूचित जातीच्या मुलीला आरक्षणातून प्रवेश दिला तर देशाच्या संरक्षणाला नेमका कोणता धोका आहे, हे मला कुणीतरी समजावून सांगावे. २०१९ साली प्राध्यापकांच्या भरतीतल्या आरक्षणाचा कायदा आला तेव्हा हीच सूट पुन्हा तशीच ठेवली गेली.

म्हणजे 'सामरिक' हा शब्द आता छत्रीसारखा झाला आहे. छत्री बॉम्बसाठी उघडली आणि तिच्याखाली गणित, भौतिकशास्त्र, कॅन्सर सगळे येऊन उभे राहिले. बाहेर भिजतोय कोण, ते सांगायला नको.

आता गंमत बघा. या यादीत खडकवासल्याच्या डायटचे नाव नाही. जी संस्था उघडउघड शस्त्रास्त्रांचे शिक्षण देते, जिथे क्षेपणास्त्रे आणि स्फोटके हाच अभ्यासक्रम आहे, तिथे एमटेकचे प्रवेश आरक्षणासह होतात. देश बुडाला नाही. तोफा उलट्या दिशेने उडू लागल्या नाहीत. शस्त्रे शिकवणाऱ्या संस्थेला आरक्षण चालते आणि कॅन्सर शिकवणाऱ्या संस्थेला चालत नाही. मग 'सामरिक महत्त्व' हे कारण नसून निमित्त आहे, याला आणखी कोणता पुरावा हवा? गिरिनगरचे हे उदाहरण आपल्या प्रत्येक विद्यार्थी कार्यकर्त्याच्या जिभेवर असले पाहिजे.

नोकरीतही असेच एक दार आहे. डीआरडीओत शास्त्रज्ञ 'बी' म्हणून भरती होताना राखीव जागा असतात, जाहिरात काढून बघा. पण पुढे बी वरून सी, सी वरून डी ही बढती रिक्त जागांवर होत नाही, मूल्यमापन आणि मुलाखतीवर होते. रिक्त जागा नाही म्हणून रोस्टर नाही. त्याच्या जोडीला १९७५ पासूनचा केंद्राचा आदेश आहे, की संशोधन करणारी किंवा संशोधनाचे मार्गदर्शन करणारी गट अ मधली पदे, सर्वात खालची पायरी सोडून, आरक्षणातून वगळता येतात. आत येताना संविधान तुमच्याबरोबर असते आणि जिना चढताना मुलाखतीच्या खोलीत तुम्ही एकटे असता. त्या खोलीत आडनाव किती बोलते हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना मी काय सांगू.

इथे कुणीतरी 'मेरिट' काढणारच. अणुबॉम्ब म्हणजे काय तलाठ्याची भरती आहे का, वगैरे. ठीक आहे, मेरिटचेच बोलू. १९९८ च्या पाच स्फोटांपैकी एक हायड्रोजन बॉम्बचा होता असे सरकारने सांगितले. २००९ साली डीआरडीओचेच के. संथानम, जे त्या चाचण्यांच्या वेळी डीआरडीओच्या बाजूने जबाबदारीवर होते, जाहीरपणे म्हणाले की तो स्फोट अपेक्षेइतका झालाच नाही, फुसका निघाला. अणुऊर्जा खात्याच्या शास्त्रज्ञांनी ते साफ नाकारले. खरे कोण? तुम्हाला आणि मला कधीच कळणार नाही, कारण कायद्यानेच सरकारला अशी माहिती रोखून धरता येते. आपल्या पोराच्या मेरिटचा हिशेब दहावीपासून गेटपर्यंत दशांश चिन्हापर्यंत जाहीर होतो. त्याला नाकारणाऱ्यांच्या मेरिटचा निकाल सीलबंद. आणि सुरक्षेचेच म्हणाल तर २०२३ च्या मे महिन्यात दिघीच्या डीआरडीओ प्रयोगशाळेच्या संचालकालाच पाकिस्तानी हस्तकाला माहिती पुरवल्याच्या आरोपावरून एटीएसने अटक केली. आरोप खरा की खोटा ते न्यायालय ठरवेल. पण आरक्षणामुळे गुपिते धोक्यात येतात असे सुचवणाऱ्यांनी थोडे सांभाळून बोलावे.

आता खरा कठीण प्रश्न. माझा एक तरुण मित्र विचारतो, "दादा, तुम्हाला नक्की काय पाहिजे? बॉम्बला विरोध करायचाय की बॉम्ब बनवण्यात वाटा मागायचाय? दोन्ही एकदम कसे?"

एकदम करता येते. बाबासाहेबांनी केले आहे. महार पलटण पुन्हा उभी राहावी म्हणून त्यांनी झगडा केला आणि १९४१ साली महार रेजिमेंट झाली. लष्करातून आमच्या माणसांना वगळणे हा अपमान आहे, ही त्यांची भूमिका. आणि हेच बाबासाहेब १० ऑक्टोबर १९५१ ला मंत्रिपदाचा राजीनामा देताना निवेदनात हिशेब मांडतात: देशाचा वर्षाचा महसूल साडेतीनशे कोटी, त्यातले एकशे ऐंशी कोटी लष्करावर. हा खर्च परराष्ट्र धोरणातून आला आहे, मित्र नाहीत म्हणून आला आहे, असे ते सांगतात. आज संरक्षणाचा वाटा तेव्हासारखा निम्म्याहून जास्त नाही हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे, पण २०२४-२५ चा आकडा ६ लाख २१ हजार कोटींच्या वर आहे आणि असा हिशेब मांडून राजीनामा देणारा मंत्री मला तरी दिसत नाही. तर मुद्दा असा की वाटा मागणे आणि प्रश्न विचारणे यांत बाबासाहेबांना विसंगती वाटली नाही. जो आत नाही त्याच्या विरोधाला 'तुम्हाला काय कळते' म्हणून उडवून लावतात. जो आत आहे आणि गप्प आहे, तो नुसता कर्मचारी आहे.

आपण काही टोकाचे अहिंसावादी नाही, हेही सांगून टाकतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी अहिंसा हा नियम मानला नाही, तत्त्व मानले. मारण्याची गरज पडणे आणि मारण्याची इच्छा असणे यांत त्यांनी फरक केला. सीमेवरच्या सैनिकाच्या बंदुकीला या फरकात जागा आहे. पण एका शहरातली म्हातारीकोतारी, लेकरे, इस्पितळे सगळी एका क्षणात जाळणाऱ्या बॉम्बला कोणती गरज म्हणणार? आणि त्यावर तथागत हसला म्हणायचे?

त्याच ग्रंथात सिद्धार्थ घर का सोडतो ते वाचा. म्हातारा, रोगी, प्रेत ही परंपरेतली गोष्ट बाबासाहेबांनी नाकारली. त्यांचा सिद्धार्थ घर सोडतो तो रोहिणी नदीच्या पाण्यावरून. शाक्य आणि कोलिय यांच्यात पाण्यावरून भांडण, सेनापतीला युद्ध हवे, संघाची सभा त्याच्या बाजूने. एकटा सिद्धार्थ उभा राहतो आणि म्हणतो, दोघे तुमचे, दोघे त्यांचे, पाचवा त्यांनी निवडावा, आणि भांडण मिटवावे. बहुमत विरोधात जाते आणि त्याची किंमत म्हणून तो घर सोडतो. पाण्यावरचे युद्ध टाळण्यासाठी देशोधडीला लागलेला माणूस, त्याचे नाव यांनी स्फोटाला दिले.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर पुन्हा खडकवासल्याला येऊ, कारण तिथे धरणाच्या खालच्या अंगाला दुसरी एक इंजिनिअरिंग संस्था आहे, केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा. १९१६ ची. नद्या, धरणे, बंदरे यांची छोटी प्रतिरूपे बांधून त्यांत पाणी सोडून बघणारी संस्था. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात १९४२ ते ४६ बाबासाहेब मजूर सदस्य होते आणि पाणी व वीज त्यांच्याच खात्याकडे होती. दामोदर, हिराकुड यांची पायाभरणी त्या काळातली, १९४५ चा केंद्रीय जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन आयोगही त्याच काळातला. बाबासाहेबांना तंत्रज्ञान नको होते असे कुणी म्हणू शकत नाही. त्यांना ते दुष्काळाविरुद्ध आणि पुराविरुद्ध हवे होते. इंजिनिअर तिथेही चुकतात. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले आणि पुणे बुडाले. नदीकाठच्या किती वस्त्या गेल्या हे जुन्या माणसांना विचारा. पण त्या चुकीची चौकशी झाली. आधी न्यायमूर्ती बावडेकरांचा आयोग, त्यांच्या मृत्यूनंतर न्यायमूर्ती नाईकांचा. लोकांनी प्रश्न विचारले, सरकारला उत्तरे द्यावी लागली. त्याच तलावाच्या काठावर एक इंजिनिअरिंग लोकांना जबाबदार आणि दुसरे कुणालाच नाही.

म्हणून मला चित्रे पाठवण्यापेक्षा अर्ज पाठवलेले आवडतील. माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत डीआरडीओचे नाव आहे, म्हणजे त्यांना सर्वसाधारणपणे सूट आहे. पण कलम २४ नीट वाचा. भ्रष्टाचाराच्या आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या आरोपांबद्दलची माहिती त्या सुटीत बसत नाही. मानवी हक्कांच्या बाबतीत केंद्रीय माहिती आयोगाची मान्यता लागते आणि ४५ दिवसांची मुदत आहे. बढतीतला जातीय भेदभाव हे मानवी हक्कांचे उल्लंघन आहे की नाही, हा वाद आपण आयोगापुढे न्यायला हवा. भाभा अणुसंशोधन केंद्र तर त्या अनुसूचीत नाहीच. तिथे दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येते की गेल्या दहा वर्षांत होमी भाभा संस्थेत पीएचडीला अनुसूचित जातींचे किती, जमातींचे किती, ओबीसींचे किती विद्यार्थी घेतले. बॉम्बचे एकही गुपित या प्रश्नात नाही. टाटा मेमोरियलला हाच प्रश्न एमडी आणि एमसीएचच्या जागांबद्दल विचारा.

आणि २००६ च्या कायद्याची ती यादी बदलायला संसदेत नवे विधेयक आणण्याचीही गरज नाही. कलम ४ मध्येच लिहिले आहे की केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून ती बदलू शकते. एका सहीचे काम आहे. पुण्या-मुंबईच्या खासदारांपैकी किती जणांना हे कलम माहीत आहे ते या १४ एप्रिलला, जेव्हा ते हार घालायला आपल्या वस्तीत येतील, तेव्हा विचारून बघा.

राहिला बुद्ध. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी आपल्या हाताने बुद्धमूर्ती बसवली ती देहूरोडला, लष्करी डेपोच्या गावात. ती मूर्ती रंगूनहून आलेली होती. पुढच्या ११ मे ला व्हॉट्सॲपवर टाकायचाच असेल तर तिचा फोटो टाका.